शुक्रवारी सव्वा ते दोन

मोर्शीच्या खुशालरावांनी संत्र्याच्या बागेत उभा जन्म काढला आणि थोरल्या पोराला, म्हणजे कुलदीपला, वारसा म्हणून संशय दिला. व्यापारी फळ मोजायला बसला की खुशालराव त्याच्या तोंडाकडे चुकूनही पाहत नसत, बोटांकडे पाहत. "तोंड गोड बोलते आन् बोटं खाऊन टाकते," असं म्हणायचे. बाग धाकट्याकडे राहिली. कुलदीप अमरावतीला आला, कॉम्प्युटर शिकला आणि प्रियदर्शनी मॅडमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सिस्टीमचा माणूस म्हणून चिकटला. त्याला आता अकरा वर्षं झाली. पण बोटांकडे पाहायची सवय काही सुटली नाही.

लॅबचा सर्व्हर वरच्या मजल्यावर, कुलुपाच्या खोलीत. ते कुलदीपचं देवघरच म्हणा ना. कोरोनाच्या पहिल्या वर्षी रिपोर्टांचा असा लोंढा आला की सर्व्हरनं मान टाकली होती. तेव्हा कुलदीपनं दोन दिवस इंटरनेट धुंडाळून कर्नल ट्यून केला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. बाहेरून कोण आलं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ठरवणारा दारावरचा माणूसच समजा. कुलदीपनं त्याच्या कानात दहा-बारा नवे हुकूम सांगितले आणि सर्व्हर धावायला लागला. मॅडमनी पेढे वाटले. तेव्हापासून तो सर्व्हर जुना झाला, त्यातली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हातारी झाली, पण कुलदीप कुणाला बोट लावू देत नव्हता. "चालते ना? मंग कावून खाजवता?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

लॅबचं दुसरं केंद्र अकोल्याला. ते सांभाळायचा नासिर. नऊ वर्षं झाली, केंद्राच्या चाव्या त्याच्याच कमरेला. त्याच्या हातची सुई लेकराला टोचलेली कळत नाही, अशी त्याची ख्याती. बाळापूर, पातूरहून माणसं यायची ती "नासिरभाईच पाहिजे" म्हणून अडून बसायची. पूर्वी तिथं त्याचा एकट्याचा लॅपटॉप होता. गेल्या दिवाळीत गर्दी वाढली म्हणून पाच पोरी कामाला घेतल्या, आणि कुलदीपनं अमरावतीचे पाच जुने कॉम्प्युटर धुऊनपुसून, त्यात लिनक्स टाकून अकोल्याला धाडले, आणि तिथून या कटकटीला तोंड फुटलं.

पहिला फोन नासिरचाच आला. "कुलदीपभाऊ, पोरींच्या पाचही मशीनवर पान उघडतच नाई. नुसतं फिरून राहिलं. पेशंट खोळंबले. अन् गंमत पाहा, माह्या लॅपटॉपवर बरोबर चालते."

"तुमच्यावरच बरोबर चालते?" कुलदीपनं विचारलं.

"हो ना भाऊ. एकदम झकास."

साध्या माणसानं साधं सांगितलं. पण कुलदीपच्या मनात ते कुसळासारखं रुतलं. त्यानं सर्व्हरची नोंदवही उघडली. कुणी आत आलं की तिथं नाव उमटतं. अकोल्याहून नासिरचं नाव मिनिटाला दोनदा उमटत होतं, कारण त्याच्या लॅपटॉपवर रिपोर्टांची यादी आपोआप ताजी होत असे. बाकी पाच जणींची नावं नव्हतीच. आल्या आणि हाकलल्या गेल्या, अशीही खूण नव्हती. मग कुलदीपनं सरळ हिशेब मांडला: माझ्या दाराशी कुणी आलंच नाही, म्हणजे त्यांना तिथंच, अकोल्यातच कुणीतरी अडवलं.

कुणी? आता हे काय सांगायचं!

त्या दिवसापासून त्यानं नासिरचे फोन उचलणंच सोडलं, आणि तीनेक महिन्यांनी मागचे दिवस चाळता चाळता त्याला एक मेळ दिसला. आठवडाभर अकोल्याहून एकट्या नासिरचं नाव. फक्त शुक्रवारी दुपारी सव्वा ते दोन या वेळात बाकी पाचही नावं धो धो उमटायची. दोन वाजले की पुन्हा सामसूम. पुढचा शुक्रवार, तेच. त्याच्या पुढचा, तेच. एकदा नासिर भाच्याच्या लग्नाला दोन दिवस गेला होता, तर ते दोन्ही दिवस अकोल्याचं काम लोण्यासारखं. तो परत आला, काम ठप्प.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दिवाळीतच अकोल्याला त्याच रस्त्यावर एक नवी लॅब उघडली होती, तिचा मालक नासिरच्या लांबच्या नात्यातला निघाला, आणि ओळखीतल्या एका औषधवाल्यानं नासिरला तिथं चहा घेताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. इथं खोळंबलेला पेशंट उठून कुठं जातो? शंभर पावलांवर. झालं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे कुलदीपला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बापाचं रक्त. त्याला कावळाच दिसत होता.

त्यानं मॅडमना दोन पानी रिपोर्ट लिहिला. त्यात 'शुक्रवार' हा शब्द सहा वेळा आला. 'नमाज' एकदाही नाही. लिहिला नाही म्हणजे मनात नव्हता असं कुणी समजू नये.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "नऊ वर्षांचा माणूस आहे कुलदीप. तुम्ही त्याला विचारलं का?"

"चोराले विचारून चोर सापडते का मॅडम? आपण त्याच्याच कमरेले चाव्या देल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

मॅडमना ते आवडलं नाही, पण केंद्र बुडत होतं हेही खरं होतं. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी स्वतः जा. डोळ्यांनी पाहा. तसंच निघालं, तर त्याला मी एक दिवसही ठेवणार नाही."

शुक्रवारी सकाळची एसटी धरून कुलदीप मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचला तेव्हा केंद्रात पंधरावीस माणसं बसली होती आणि पाचही पडद्यांवर तेच चाक फिरत होतं. केंद्राची झाडलोट पाहणारी गंगूबाई रोज सकाळी आठला भिंतीवरचं एकच बटण दाबायची आणि पाचही कॉम्प्युटर एका दमात उठायचे. संध्याकाळी एका दमात झोपायचे. नासिरचा लॅपटॉप मात्र वेगळा. तो कधी बंदच होत नसे.

"बंद केला का मंग उठाले तासभर नखरे करते भाऊ," नासिर हसत म्हणाला. "म्हणून मी नुसतं झाकण लावतो. दीड-दोन महिने झाले असन, बंद नाई केला. तुमी जेवले का? नाई? मंग आधी चहा घ्या, जेवाले घरीच जाऊ. शहाजादीनं सांगून ठेवलं, कुलदीपभाऊ आले का घेऊनच या म्हणून."

शहाजादी ही त्याची बायको. तिच्या हातची बिर्याणी कुलदीपनं दोन ईदला चापून खाल्ली होती. पण आज त्यानं चहाला नुसतं ओठ लावले आणि कप ठेवून दिला. त्याची नजर नासिरच्या बोटांवर होती. बोटं काही वावगं करत नव्हती. एका म्हातारीची शीर शोधत होती.

सव्वा वाजला. नासिरनं हात धुतले, खिशातून टोपी काढली, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाला, "आलोच भाऊ, दोनपर्यंत."

तो पायऱ्या उतरला. कुलदीप घड्याळ धरून उभा राहिला. एक मिनिट. दीड मिनिट. आणि काय सांगावं, पाचही पडदे धडाधड उघडले! पोरी भराभर नावं घालायला लागल्या, छपाई यंत्र कुरकुरायला लागलं, बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कुलदीपला इतका आनंद झाला की त्याचीच त्याला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यानं जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला. "पकडला. झाकण लावलं, गेला, अन् सारं सुरू."

दोनला नासिर आला. झाकण उघडलं, आणि मिनिटभरात पाचही चाकं पुन्हा फिरायला लागली. कुलदीपनं मॅडमचा फोन त्याच्या हातात दिला. मॅडम काय म्हणाल्या ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. नासिर चारदा "जी मॅडम" म्हणाला आणि एकदा "मी काहून करीन मॅडम असं?" म्हणाला. मग त्यानं फोन परत दिला. कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. एका चिठ्ठीवर लॅपटॉपचा पासवर्ड लिहून दिला.

"लॅबचाच हाये हा. पाहून घ्या सारं," तो म्हणाला. "बंद नका करजा फक्त. उठत नाई लवकर."

माणसाची नोकरी चालली आणि तो लॅपटॉपची काळजी करून राहिला! गंगूबाई फडकं हातात घेऊन दारात थिजली होती. नासिर तिच्या बाजूनं निघून गेला. ती कुलदीपकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी लय शिकलेले असान. पण ह्या माणसानं कोनाचं वाईट केलेलं मी पाह्यलं नाई."

आता पुरावा काढायचा बाकी होता. कुलदीप नासिरच्या खुर्चीत बसला आणि लॅपटॉप उकलायला घेतला. आत काहीतरी असणारच. पाच मशीनची वाट अडवणारा एखादा छुपा प्रोग्राम, एखादी सेटिंग. तासभर त्यानं कानाकोपरा झाडला. मिळालं काय? रिपोर्टांची यादी, धाकट्या लेकीचे, जेबाचे, शाळेतले फोटो, आणि 'मशीन कवा कवा अडते' नावाची एक फाईल. नासिर रोजच्या रोज लिहीत होता: सकाळी साडेनऊला अडली, अकराला अजून तशीच, मी मोबाईलवरून पाहिलं, वायर बदलली, फरक नाही. तीन महिन्यांची टिपणं.

कुलदीपचं मन तरी म्हणालं, देखावा असेल. पक्का आहे गडी.

तेवढ्यात गंगूबाई समोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. "काहून भाऊ? नासिरभाई जाऊन घंटा झाला. मशीनी तर अजून बंदच हायेत. आता तुमी अडवून राहिले का?"

कुलदीपनं मान वर केली. पाचही चाकं फिरत होती. बाकावरची माणसं त्याच्याकडे पाहत होती, आणि खुर्चीत, त्या उघड्या लॅपटॉपसमोर, तो बसला होता.

त्यानं झाकण लावलं. मिनिटभरानं पाचही पडदे उघडले. झाकण उघडलं. बंद. लावलं. सुरू. चार वेळा केलं त्यानं.

मग त्यानं जे दिवाळीलाच करायला हवं होतं ते केलं. तिथूनच अमरावतीच्या सर्व्हरमध्ये शिरला, पण नोंदवही उघडली नाही. नोंदवहीत आत आलेल्यांचीच नावं. त्यानं थेट कर्नलला विचारलं: बाबा, दारातूनच किती जण परतवले? कर्नल कधी खोटं बोलत नाही, फक्त कुणीतरी विचारावं लागतं. ओळीमागून ओळ उमटली आणि एका ओळीपाशी कुलदीप थांबला. 'घड्याळ जुळत नाही म्हणून नाकारलेले': एक लाख ब्याऐंशी हजार. शेजारच्या मशीनवर पोरीनं बटण दाबलं, आकडा वाढला. पुन्हा दाबलं, पुन्हा वाढला.

म्हणजे त्या पोरी रोज दाराशी येत होत्या. दारातूनच त्यांना फेकलं जात होतं. नाव नाही, नोंद नाही, "नाही" असा निरोपसुद्धा नाही.

कारण सरळ होतं. अकोल्याच्या सहाही मशीन एकाच इंटरनेट लाइनवरून बाहेर पडायच्या, म्हणून अमरावतीच्या सर्व्हरला त्या सहा नव्हत्याच, एकच माणूस वाटायच्या. प्रत्येक मशीन आपण किती काळ जागे आहोत याचा आकडा सोबत धाडते. नासिरचा लॅपटॉप दोन महिन्यांचा जागा. त्याचा आकडा सगळ्यांत मोठा. गंगूबाईच्या बटणावर उठणाऱ्या पाच मशीन सकाळच्या. त्यांचे आकडे लहान, पण आपसांत सारखे, म्हणून त्यांचं एकमेकींशी भांडण नव्हतं. लॅपटॉप येऊन गेला की मिनिटभर सर्व्हर म्हणायचा, आत्ता तर हा दोन महिन्यांचा जागा होता, आता सकाळी उठलो म्हणतो? लबाड आहे, टाका बाहेर. लॅपटॉप झाकला की मिनिटभरानं तो हे विसरायचा आणि पाचही जणींना आत घ्यायचा.

आणि कर्नलला असा संशयी कुणी केला? कुलदीपनं सेटिंगची फाईल उघडली. टीडब्ल्यू रिसायकल नावाची ओळ, पुढं एक, म्हणजे चालू. इंटरनेटवरच्या कुठल्याशा पानावरून, सर्व्हर पळवायला म्हणून उचललेल्या त्या दहा-बारा हुकमांतला तिसरा. तेव्हा अकोल्याला एकच लॅपटॉप होता, म्हणून काही बिघडलं नव्हतं. ओळीच्या वर कोरोनाच्या वर्षाची तारीख होती आणि एक शेरा: 'कुणी हात लावू नये. – कुलदीप.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जन्मभर दुसऱ्यांची बोटं पाहिली गड्यानं. ही ओळ त्याच्याच बोटांनी लिहिली होती.

उपाय किती सोपा! एकच्या जागी शून्य. कुलदीपनं ते लिहिलंसुद्धा. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं, आणि तिथं त्याचं बोट थांबलं. त्याला एकाएकी लख्ख दिसलं की हे बटण आत्ता दाबलं तर काय होईल. नासिर दोनला गेला, चारला सगळं सुरळीत. मॅडम म्हणतील, बघा, गेला आणि चालू झालं. आख्खं अकोला तेच म्हणेल. या खोडसाळपणाचा याहून पक्का पुरावा जगात सापडायचा नाही. कुणी कुलदीपला विचारणार नाही. कदाचित पुन्हा पेढे येतील.

खोटं कशाला बोला, त्याला मोह झाला. पाच मिनिटं तो तसाच बसून राहिला. मग त्यानं चाव्यांकडे पाहिलं आणि उठला.

नासिर घरी गेलाच नव्हता. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसला होता, समोर भरलेला ग्लास. घरी लवकर गेलो तर शहाजादी विचारील काय झालं, म्हणून पाच वाजायची वाट पाहत होता. कुलदीप समोर उभा राहिला तसा तो उठला. सवयीनं.

"नासिरभाई, चला. मशीन मीच अडवली. सहा वर्षांआधी. तुमी चला, थे तुमच्यासमोरच काढतो."

नासिरनं ग्लास बाजूला सारला. मागोमाग आला.

कुलदीपनं त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि लॅपटॉप त्याच्याच हातानं उघडवला. मॅडमना फोन लावून आवाज मोठा केला. पाच पोरी, गंगूबाई, बाकावरचे पेशंट, सगळ्यांदेखत सांगितलं, की चूक माझी आहे, ओळ माझी आहे, नाव माझं आहे. मग बटण दाबलं. नासिरचा लॅपटॉप उघडाच होता आणि पाचही पडदे उघडले.

फोनवर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नासिरभाई, माझं चुकलं. चाव्या घ्या."

"जी मॅडम," नासिर म्हणाला. चाव्या मात्र त्यानं लगेच उचलल्या नाहीत. कुलदीपला म्हणाला, "त्या नव्या लॅबमदी मी चहा प्याले नोतो गेलो. त्यांची लाइन अडते का, इतकंच इचाराले गेलतो. तुमाले सांगाचं होतं. तुमी फोनच उचलत नोते."

"चुकलं भाऊ माह्यं."

"मशीनीले समज नाई कुलदीपभाऊ. थे इचारत नाई, फेकून देते. पण तुमाले तर तोंड होतं. एकदा तरी इचारलं असतं, नासिर, काहून होते असं?"

जेवायला घरी चला, असं त्या दिवशी नासिर दुसऱ्यांदा म्हणाला नाही. कुलदीप शेवटच्या एसटीनं उपाशी परतला.

अकोल्याचं केंद्र आता सुरेख चालतं. नासिर तिथंच आहे, चाव्या त्याच्याच कमरेला आहेत, आणि म्हाताऱ्या अजून त्यालाच मागतात. भेटला की हसतो, चहा विचारतो. तक्रार म्हणून शब्द काढत नाही.

फक्त दर शुक्रवारी, सव्वा वाजला की कुलदीपच्या मोबाईलवर नासिरकडून एक फोटो येतो. अकोल्याचं टेबल, टेबलावर नासिरचा लॅपटॉप, झाकण सताड उघडं, आणि मागं पाच चालू पडदे. खाली एक अक्षर लिहिलेलं नसतं. पहिल्या वेळी कुलदीपनं 'नका पाठवू भाऊ' असं लिहिलं आणि खोडून टाकलं. त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? आता सव्वा वाजायला आला की तो हातातलं काम ठेवतो, फोन समोर घेतो आणि वाट पाहतो.